नसरुद्दीनची स्पॅनिश माडी

राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी दुपारपर्यंत ते स्पॅनिश जहाज झेक्रीतच्या किनाऱ्याला लागायलाच हवं होतं. कारण तिथे ते लुटलं जाणार होतं!

साल एकोणीसशे त्रेपन्न. लंडनमध्ये नवी राणी गादीवर बसणार म्हणून कतारच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, झेक्रीतजवळच्या तेलाच्या कॅम्पमधले इंग्रज नुसते फुरफुरत होते. तीन-चारशे वर्षांपूर्वी त्यांच्या दर्यावर्दींनी स्पेनची चांदीनं भरलेली जहाजं भर समुद्रात लुटली, तो पराक्रम त्यांना साऱ्या कॅम्पसमोर करून दाखवायचा होता. लुटारू भरपूर मिळाले. खोट्या दाढ्या लावून आरडाओरडा करायला कोण नाही म्हणतो? अडलं होतं ते लुटायच्या जहाजापाशी. ते नसरुद्दीननं दोह्याच्या धक्क्यावर तयार केलं.

नसरुद्दीन दाभोळचा. बापजाद्यांपासून गलबतं बांधणारं घराणं. हातात कसब आणि नाकावर राग. अल खोर गावच्या रहमान नाखुदाचा, म्हणजे तांडेलाचा, जुना मचवा घेऊन त्यानं त्याच्या पिछाडीवर दुमजली माडी चढवली. तिला ओळीनं खिडक्या, कोरीव कठडे, वर सोनेरी रंग आणि लाल फुलीचा झेंडा. दुरून बघणाऱ्याला वाटावं, स्पेनचा राजाच आत जेवायला बसलाय. हे जहाज धडपणे पोचलं की वर्कशॉपचा फोरमन नसरुद्दीन आणि त्याला कॅम्पमध्ये क्वार्टर, असं कबूल झालं होतं. बायकोला, ताहेरुन्निसाला, त्यानं तीन वर्षं पाहिलं नव्हतं. त्या क्वार्टरमध्ये चूल कुठे मांडायची हेसुद्धा त्याच्या मनात ठरून गेलं होतं.

फक्त एक गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नव्हती.

ब्रॅडशॉसाहेबांनी, म्हणजे या सगळ्या खेळाच्या सूत्रधारांनी, बजावून सांगितलं होतं, "खिळे हलके मारना, नसरुद्दीन. तमाशा है, तमाशा! वेळ आली तर दोन लाथांत माडी खाली आली पाहिजे." साहेब इंग्रजी आरमारातले निवृत्त अधिकारी. मुंबईच्या गोदीत त्यांची दहा वर्षं गेलेली, त्यामुळे हिंदुस्तानी झकास आणि मधूनच मराठीही. नसरुद्दीननं मान डोलावली आणि कामाला बसला. पण हलका खिळा हातात धरला की त्याला बापाचा आवाज ऐकू यायचा. समुद्रावर जाणाऱ्या लाकडाला तात्पुरतं काही नसतं! शेवटी त्यानं माडीचे चारही खांब मचव्याच्या फासळ्यांना आरपार बोल्ट मारून जखडले, वर पाचरी ठोकल्या आणि त्यावर रंग फासून तोंडाला कुलूप लावलं.

दोह्याहून निघाले चौघेच. ब्रॅडशॉसाहेब, सुकाणूवर नाखुदा रहमान, नसरुद्दीन, आणि शिडाच्या कामाला खलील. खलील म्हणजे नसरुद्दीनच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माशासारखा पोहणारा, पण डोक्यानं जरा उतावळा. हजरानं नवऱ्याला परदेशी धाडताना भावाचा हात घट्ट धरून सांगितलं होतं, "दादा, ह्यांना तुज्या भरवशावर सोडतेय. मला माणूस परत पायजे." ते ओझं नसरुद्दीन उठता बसता वागवत होता.

पहिले दोन दिवस वारा मागून, समुद्र शांत. अल खोरच्या समोरून जाताना काठालगत मासेमारी करणाऱ्या पोरांनी ते सोनेरी धूड पाहून होड्या सोडून पळ काढला, तेव्हा रहमान पोट धरून हसला.

"साहेब," खलीलनं विचारलं, "ते तुमचे लुटणारे लोक चाचेच ना?"

"बिलकुल नहीं! त्यांच्याकडे राणीचा परवाना होता."

"मंग स्पेनवाले त्यांना काय म्हणत?"

"चाचे," साहेब हसून म्हणाले.

नसरुद्दीनला राहवलं नाही. "आमच्या आंग्र्यांना तुम्ही लोकांनी चाचे ठरवलंत, साहेब. परवाना त्यांच्याकडंपन होता. छत्रपतींचा!"

साहेबांनी पाइप तोंडातून काढला, पुन्हा घातला. "ये बात तो सही है," म्हणाले आणि चहा मागितला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रास रकनला, कतारच्या उत्तर टोकाला, वळसा घातला. आता पश्चिम किनारा धरून दक्षिणेला उतरायचं. डाव्या हाताला जमीन, आणि जमिनीच्या अलीकडे मैलोन्‌मैल पोवळ्याचे खडक, पाण्यात दात लपवून बसलेले. वारा एकाएकी पडला. रहमाननं वायव्येकडे पाहिलं. क्षितिजावर पिवळट पट्टा उठला होता.

"शमाल," तो म्हणाला. म्हणजे वायव्येकडून येणारा वादळी वारा. "साहब, वापस चलो. रुवैस बंदरके पीछे छुपेंगे. दो-तीन दिन, बस."

दोन-तीन दिवस! राज्याभिषेक तर परवावर आलेला. साहेब नखं चावत उभे राहिले. मग म्हणाले, "थोडं पुढे जाऊ. वारा वाढलाच, तर माडी समुद्रात टाकून देऊ. हलके खिळे आहेत. क्यों नसरुद्दीन?"

बोलायची वेळ हीच होती. नसरुद्दीनच्या जिभेवर शब्द आलेही. पण खरं सांगितलं तर फोरमनकी गेली, क्वार्टर गेलं, ताहेरुन्निसाचं येणं गेलं. शिवाय कोणी सांगावं, वारा येणारही नाही!

"जी साहेब," तो म्हणाला.

आणि तासाभरात वारा आला!

आधी वाळूचा वास आला, मग समुद्राचा रंगच बदलला, आणि मग धाडकन तो मचव्यावर कोसळला. "शीड उतारो!" रहमान ओरडला. खलीलनं दोर सोडला. शीड खाली आलं, पण मचवा थांबेना! वाऱ्याला आता शिडाची गरजच नव्हती. त्याला माडी सापडली होती. उंच, रुंद, पक्की माडी! वारा तिला धक्के देत मचव्याला आडवं करू लागला. एक लाट बाजूनं चढली. मचवा कलंडला, इतका की कठडा पाण्याखाली गेला. कसाबसा सावरला. दुसरी लाट! आता आणखी कलंडला. डावीकडे, अर्ध्या मैलावर, खडकांवर पांढरा फेस उसळताना दिसत होता, आणि तो जवळ येत होता.

"माडी टाका!" साहेब ओरडले. त्यांनी स्वतः धावत जाऊन खांबाला लाथ घातली. मग दुसरी. मग खांद्यानं धडक दिली. खांब तसूभरही हलला नाही. साहेब वळून नसरुद्दीनकडे बघत राहिले.

"साहेब, खिळे नाहीत," नसरुद्दीन म्हणाला. "बोल्ट आहेत. आरपार. चारही खांबांना."

क्षणभर त्याला वाटलं, साहेब आपल्याला उचलून समुद्रात फेकणार. त्याचं त्याला काही वाटलंही नसतं. पण साहेब दर्यावर्दी माणूस. रागवायला वेळ नाही हे त्यांना कळत होतं.

"करवत आण," साहेब म्हणाले. "आणि जाड दोर. माडीला बांध, दुसरं टोक मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेला. पाण्यात पडली की तोच आपला नांगर! नाळ वाऱ्याला तोंड देऊन राहील. जल्दी!"

दोर बांधला. करवत चालू लागली. नसरुद्दीन कापत होता, साहेब कुऱ्हाड घालत होते, रहमान सुकाणूला लोंबकळत "या अल्ला, या अल्ला" करत होता. एक खांब तुटला. दुसरा तुटला. तिसऱ्याशी साहेबांचे तळहात सोलवटले. एवढं चिवट लाकूड नसरुद्दीननं आयुष्यात कापलं नव्हतं, आणि ते त्यानंच निवडलेलं होतं! आपलेच दात नि आपलेच ओठ.

चौथा खांब बाहेरच्या अंगाला होता, पाण्यावर लटकून कापावा लागणार असा.

"मी जातो," नसरुद्दीन म्हणाला.

पण खलीलनं कमरेला दोर बांधलाही होता. "तुमचं वय हाय का लटकायचं, नसरूभाय?" असं म्हणून करवत घेऊन तो कठड्यापलीकडे गेलासुद्धा.

"खलील! मागं फिर!"

वाऱ्यात कोण ऐकतं? लाट आली की खलील पूर्ण दिसेनासा व्हायचा. लाट गेली की पुन्हा करवतीचा आवाज यायचा. नसरुद्दीननं त्याचा दोर दोन्ही हातांनी आवळून धरला होता. मग कडाड असा आवाज झाला. माडी डुलली, कण्हली, आणि खिडक्या-कठड्यांसकट समुद्रात कोसळली.

नसरुद्दीनच्या हातातला दोर सैल पडला. त्यानं ओढला. नुसतं तुटकं टोक हातात आलं.

"खलील!"

मचवा हलका झाला, सरळ झाला. जाड दोर ताणला गेला आणि साहेब म्हणाले होते तशी नाळ वाऱ्याकडे वळली. पण नसरुद्दीनला यातलं काहीच दिसत नव्हतं. हजराला काय तोंड दाखवू, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. तेवढ्यात रहमान किंचाळला, "वो देखो!"

पुढे तरंगणाऱ्या माडीच्या एका खिडकीत खलील अडकला होता. कमरेपर्यंत आत, डोकं बाहेर! जिवंत होता. एक हात वेडावाकडा लोंबत होता, दुसऱ्यानं त्यानं चौकट धरली होती. तसल्या मोडक्या हातानं जाड दोराला धरून परत येणं शक्यच नव्हतं.

नसरुद्दीननं कमरेला दोर बांधला आणि विचार न करता समुद्रात उतरला. ताणलेल्या दोराला धरून एकेक हात पुढे. लाट डोक्यावरून गेली. नाकातोंडात पाणी! पुन्हा एक हात. दोर सुटला, पुन्हा सापडला. वर येऊन श्वास घ्यावा, तर तोंडावर दुसरी लाट. शेवटी हाताला कठडा लागला. त्याचाच कोरलेला कठडा. माडी लाटांखाली गोते खात होती, पण तिची एक फळी उखडली नव्हती.

"सोड चौकट! मला धर!"

"हात मोडला, भाय!"

"दुसरा हाय ना? गळ्यात घाल!"

खलीलनं गळ्यात हात घातला. नसरुद्दीननं कमरेच्या दोराला हिसका दिला. साहेब आणि रहमान दोघं मिळून दोर ओढू लागले. नसरुद्दीन आणि खलील दोघंही पाण्याखाली गेले. नसरुद्दीनच्या छातीत आग पेटली. पण खलीलची कॉलर त्यानं सोडली नाही. मग कोणीतरी त्याच्या केसांना धरलं, आणि दोघं मासळीसारखे डेकवर आपटले.

आता खडक इतके जवळ आले होते की फेसाचे शिंतोडे मचव्यावर उडत होते. माडीनं मचवा धरून ठेवला होता म्हणून एवढा वेळ मिळाला. तेवढ्या वेळात रहमाननं हवी ती गोष्ट शोधली होती. फेसाच्या पांढऱ्या रांगेत निळ्या पाण्याचा एक अरुंद पट्टा. "खोर! खाडी!" तो ओरडला. "अंदर पानी शांत है. छोटा शीड, यल्ला, जल्दी!"

साहेबांनी हातभर शीड चढवलं. मग कुऱ्हाड नसरुद्दीनसमोर धरली. "काट."

नसरुद्दीननं एकदा सोनेरी खिडक्यांकडे पाहिलं. ताहेरुन्निसाची चूल, क्वार्टर, सगळं त्या दोराच्या टोकाला तरंगत होतं. त्यानं घाव घातला. एकच!

मचवा सुटला. डावीकडे खडक, उजवीकडे खडक! तळाशी काहीतरी करकरलं. आणि मग एकदम आवाज थांबला, लाटा मागे राहिल्या, मचवा हिरव्या उथळ पाण्यात सरकत जाऊन वाळूवर टेकला. रहमान तिथेच गुडघ्यांवर बसला. मागे खडकांवर माडी येऊन आदळली. पहिल्या लाटेत टिकली. दुसरीतही. तिसरीत तिचा चुरा झाला.

किनाऱ्यावर उतरल्यावर नसरुद्दीननं आधी खलीलच्या थोबाडीत मारली, मग त्याला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. साहेबांनी दोन फळ्या बांधून खलीलचा हात सरळ केला. पाणी पिऊन तो तिथेच वाळूत झोपी गेला.

साहेब नसरुद्दीनशेजारी बसले. हातांना फडकं गुंडाळलेलं. "स्पेनचं आरमार आमच्यावर चालून आलं, तेव्हाही असंच झालं होतं," ते म्हणाले. "स्पेनची जहाजं आमच्या तोफांनी कमी, वाऱ्यानं जास्त बुडवली. कॅम्पवाल्यांना तेच सांगीन." मग जरा थांबून, "पण फोरमन तुला करता येणार नाही, नसरुद्दीन. तुझ्या हाताला मी नावं ठेवणार नाही. मी तुला सकाळी विचारलं होतं."

"जी साहेब. विचारलं होतं."

"तेव्हा सांगितलं असतंस तर रुवैसला परत फिरलो असतो."

"मला म्हाईत हाय, साहेब."

साहेब उठून मचव्याचा तळ बघायला गेले. ऊन चढलं होतं आणि खलील तोंड उघडं टाकून घोरत होता, गालाला वाळू चिकटलेली. नसरुद्दीन थोडा सरकून बसला, आपली सावली त्याच्या तोंडावर पडेल असा, आणि तो जागा होईपर्यंत तिथून हलला नाही.