उतरायचं का रे?

वरद, आईबाबांना एअरपोर्टच्या फास्ट ट्रेनमध्ये बसवून देणार आहेस म्हणे? चांगली ट्रेन आहे. मी काही बोलणार नव्हतो. पण स्वरालीने दुसऱ्यांदा चहा ठेवलाच आहे, तर ऐका. ऐकीव नाही, माझ्या ओळखीच्या मुलाच्या बाबतीत घडलेलं आहे. अनुप त्याचं नाव. त्याचे वडील आणि मी नागपूरला मेडिकलला एकत्र होतो. ते गेले, तेव्हापासून तो मला फोन करतो, मनातलं बोलतो. हेही त्यानेच सांगितलं.

मागच्या वर्षी, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. पहाटे इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेलेली, त्यामुळे संध्याकाळी पाचलाच काळोख. अनुप रात्री सासूबाईंना आणायला निघाला होता. त्यांची फ्लाइट साडेदहाला उतरणार. तो टॅक्सीनेच जाणार होता, पण मोटरवे बंद निघाला.

अनुया, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "मग ट्रेनने जा ना. पंधरा मिनिटं तर लागतात."

त्याने टॅक्सीचं ॲप बंद केलं. जॅकेट घातलं आणि निघाला.

ट्रेन का टाळत होता, ते सांगतो.

सप्टेंबरपर्यंत त्याची आई इथे होती. अलकावहिनी. दियाच्या जन्मानंतरची अनुयाची रजा संपली, नर्सरीचा खर्च ऐकून दोघांचे डोळे पांढरे झाले, मग आईला बोलावलं. व्हिजिटर व्हिसा. सहा महिने त्याची आई, नंतर सहा महिने तिची आई. आम्ही हॉस्पिटलात नाइट ड्यूटी वाटून घ्यायचो ना, तसंच. "आईला लंडन दाखवतो," असं अनुप सगळ्यांना सांगत होता. वहिनींनी पाहिलं काय, तर किचनची खिडकी आणि कोपऱ्यावरचं पार्क. सकाळी दोघांचे लॅपटॉप उघडले की दिया आजीकडे. रात्री रडली तरी आजीकडे. फक्त तिच्या डोक्याला तेल लावायचं नाही, एवढं अनुयाने बजावलेलं. मी फोनवर विचारलं होतं, "वहिनी, कंटाळा येतो का हो तिथे?" तर म्हणाल्या, "कंटाळायला वेळ कुठाय, भाऊजी?"

जायचा दिवस आला. नेमका त्या दिवशी अनुपच्या ऑफिसात रिलीज, नवं सॉफ्टवेअर चालू करायचं होतं. त्याने वहिनींना स्टेशनवर नेलं, डब्यात बसवलं, बॅगा रॅकमध्ये ठेवल्या. इथलं सिमकार्ड आदल्या दिवशीच काढून घेतलं होतं. सासूबाईंना लागेल म्हणून.

"तू नाही येत तिथवर?" वहिनींनी विचारलं.

"आई, रिलीज आहे गं आज. आणि नॉनस्टॉप ट्रेन आहे. एअरपोर्टला व्हीलचेअरवाला येईल."

"उतरायचं कधी, ते कसं कळेल मला?"

"सगळे उतरले की तूही उतर."

दारं लागली. त्याने हात हलवला. दुसऱ्या हातात फोन होताच, तो कानाला लावला.

एअरपोर्टला सगळे उतरले. वहिनी उतरल्या नाहीत.

गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात हार्ट बंद पडलं असावं, असं नंतर कळलं. काचेला मान टेकलेली, शाल गळ्यापर्यंत. म्हातारी बाई झोपली आहे, तिला कोण उठवणार? नवी माणसं चढली. गाडी परत शहरात आली. परत एअरपोर्ट. परत शहर. अख्खी संध्याकाळ. शेजारी लोक बसत होते, उठत होते. कुणी सँडविच खात होतं. आणि अनुपला वाटत होतं, आई विमानात बसली. जेवला. झोपला. पोलिसांनी बेल वाजवली तेव्हा मध्यरात्र झाली होती.

क्रिमेटोरियमची तारीख दोन आठवड्यांनी मिळाली. मी गेलो होतो. येणाऱ्या प्रत्येकाला अनुप एकच सांगत होता, "नॉनस्टॉप होती हो. चुकायला जागाच नव्हती."

तर त्या रविवारी अनुप त्याच ट्रेनमध्ये चढला. डबा जवळजवळ रिकामा. तो दाराजवळच्या सीटवर बसला. शेजारी कुणी नाही, हे बघूनच बसला. फोनमध्ये डोकं घातलं. गाडी सुटली. घरं, गोदामं, दिवे भराभर मागे पडायला लागले.

तिकीट चेकर आला. वयस्कर, हसरा माणूस. अनुपने तिकीट दाखवलं. तो थँक यू म्हणाला, मग शेजारच्या सीटकडे बघून त्याने आवाज खाली आणला.

"शी इज अस्लीप, ब्लेस हर. आय वोन्ट वेक हर."

आणि पाय न वाजवता पुढे गेला.

अनुप तसाच बसून राहिला. मान वळवायची हिंमत होईना. गाडी बोगद्यात शिरली. कान बंद झाले. समोरच्या काचेत शेजारची सीट दिसू नये म्हणून त्याने डोळे मिटले.

शेजारून श्वास ऐकू आला.

सावकाश. थकलेला.

मग...

"अनुप... उतरायचं का रे?"

...

"सगळे उतरले का?"

...

नाही, स्वराली, तो बोलला नाही. मीही त्याला हेच विचारलं. हो आई, चल. एवढंच म्हणायचं होतं. गाडी हळू झाली. थांबली. दार उघडलं.

तो पळाला.

मागे वळून पाहिलं नाही. आईला त्या डब्यात सोडून निघून गेला. दुसऱ्यांदा.

सासूबाई बाहेर आल्या. सुमनताई. त्याचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "बरं नाही का हो तुम्हाला?" तो म्हणाला, दमलोय. टॅक्सी केली. आडरस्त्यांनी घरी पोचायला एक वाजला. अनुयाला त्याने काही सांगितलं नाही. सुमनताई लगेच झोपल्या. दिया तिच्या खोलीत गाढ झोपलेली. घर शांत.

सकाळी अनुयाच्या हाकेने त्याला जाग आली.

"आई, दियाच्या डोक्याला तेल तू लावलंस?"

सुमनताई खोलीतून डोळे चोळत बाहेर आल्या. "मी? मी तर आत्ता उठतेय."

दिया कॉटमध्ये उठून बसली होती. केस चापून चोपून बसवलेले, मधोमध भांग, तेलाचा ओघळ कानामागे. कपाळावर दोऱ्याने बांधलेली इवलीशी शेंडी. रोज उठल्या उठल्या रडणारी पोर, पण त्या दिवशी गप्प. दाराकडे बघत होती.

अनुयाच्या घरात खोबरेल तेल नव्हतं. उशा खराब होतात म्हणून तिने कधी आणलंच नव्हतं.

अनुपने खोलीभर पाहिलं. खिडकीखाली, खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर, स्टीलची एक वाटी होती. तळाशी वितळलेलं तेल.

हीटिंग रात्रभर बंद होतं.

त्याने वाटीला हात लावला.

कोमट होती.