मोंबाशाचं बोलावणं

गाडीला बैल जुंपून झाले, पत्र्याची ट्रंक चढली, फराळाचं गाठोडं चढलं, आणि तरीही गंगूताईंचा पाय काही उंबऱ्याबाहेर निघेना... चाळीस वर्षांपूर्वी ज्या उंबऱ्यावरचं माप ओलांडून त्या या घरात आल्या होत्या, तोच आज नवऱ्याला मागे ठेवून ओलांडायचा होता. आणि जायचं होतं ते काही औंढ्याच्या जत्रेला नव्हे, तर थेट समुद्रापार, आफ्रिकेच्या काठावरच्या मोंबाशाला! पूर्णा ओलांडून फार तर हिंगोलीचा बाजार पाहिलेली बाई ती. गावानं तोंडात बोटं घातली होती.

"गंगूताई, ऊन चढायच्या आत निगाया पायजे," गाडीवान सोनाजी म्हणाला. "हिंगोलीची आगगाडी कोनासाठी थांबत न्हाई."

"आले रे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मागे वळून पाहू लागल्या.

त्यांचे यजमान दत्तोपंत पहाटेच स्नान करून ओलेत्यानं महादेवाच्या देवळात गेले होते. जाताना त्यांनी बायकोकडं पाहिलं नाही, 'नको जाऊस' म्हटलं नाही, की 'सुखरूप जा' म्हटलं नाही... तांब्या उचलला आणि चालते झाले. माणसानं दगड व्हावं तरी किती! गंगूताईंनी पदरानं डोळे टिपले आणि उजवं पाऊल बाहेर टाकलं.

बोलावणारा कुणी परका नव्हता. सूर्यकांत, दत्तोपंतांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तीन वर्षांचं लेकरू होतं ते. गंगूताईंनी पदराखाली घेतलं. देवानं त्यांच्या कुशीत दुसरं काही घातलंच नाही, म्हणून सगळी माया त्या एकावरच सांडली. पोरगं शिकलं, हिंगोलीच्या स्टेशनात कारकून झालं, आणि चौतीस साली मोंबाशाच्या रेल्वेतल्या नोकरीचा कागद घेऊन दारात उभं राहिलं. भाऊबंदांनी हलकल्लोळ केला. समुद्र ओलांडला की माणूस बाटला, त्याला गाभाऱ्यात पाऊल टाकता यायचं नाही! दत्तोपंत तेव्हा एवढंच म्हणाले होते, "जातो तर जाऊ द्या."

मग पत्रं यायला लागली. 'वहिनी, ऊन आपल्याकडंही काही कमी नाही, पण इथलं ऊन भाजत नाही. सकाळी दार उघडावं तर समोर समुद्र. ऊन पडलं की पाणी हिरवंगार होतं, कोवळ्या ज्वारीच्या रानासारखं. नारळ दारात पडतात, थंडी औषधालाही नाही. तुमचे गुडघे इथं महिन्यात बरे होतील. दोघंही या. प्रेमा तुमच्यासाठी खोली लावून बसली आहे.' प्रेमा म्हणजे त्याची बायको. गंगूताईंना अक्षर येत नव्हतं. पत्रं दत्तोपंतच वाचून दाखवायचे. त्या डोळे मिटून ऐकायच्या, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर ते लांबचं ऊन पडल्यासारखं वाटायचं.

'आम्ही येणार नाही. पुन्हा विचारू नये.' दत्तोपंतांनी एवढंच उत्तर धाडलं. ना कारण, ना आशीर्वाद. त्यातून सूर्यकांतनं जे घ्यायचं ते घेतलं, आणि छत्तीस साली पुढचं पत्र नुसतं वहिनीच्या नावानं आलं. 'दादांना मी बाटलेला वाटतो. माझ्या घरचं पाणी त्यांना चालायचं नाही. भाऊ नको झाला, पण भावाचा पूजेतला हिस्सा बराबर चालला.' आणि हेही वाचून दाखवलं कुणी, तर खुद्द दत्तोपंतांनी... एक अक्षर न गाळता, आवाज न चढवता. मग घडी घालून पत्र बायकोच्या हातात दिलं.

हिस्सा म्हणजे देवळातल्या पूजेचा. पूजा भाऊबंदांत वाटलेली होती. दर दोन महिन्यांनी या घराकडं दोन पंधरवडे यायचे, एक दत्तोपंतांचा, एक सूर्यकांतचा. नेम असा की पंधरवडा एकदा जरी चुकला, तरी तो कायमचा भाऊबंदांकडं जायचा. सूर्यकांत गेला आणि दत्तोपंतांनी 'आता हाही माझाच' म्हणून त्याचा पंधरवडा स्वतःकडं घेतला. भाऊबंदांतले वडीलधारे माणिकराव पारावर उघड म्हणाले, "भावाला दर्यापार धाडला अन् मागं त्याचा हिस्सा खाल्ला." दत्तोपंत गप्प राहिले. गप्प राहणाऱ्याचं खरं कोण मानतो? गंगूताईंनीही मानलं नाही. ते पत्र आलं त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याचं ताट वाढलं, धोतर धुतलं, दुखण्यात पाय चेपले. पण मनातला म्हणून एक शब्द त्या बोलल्या नाहीत. एका चुलीवरचं खाऊन बारा वर्षं हे असं चाललं.

मधे मोठी लढाई झाली, बोटी बंद पडल्या. मग रझाकारांचं ते भयंकर वर्ष आलं. तेही सरलं आणि यंदा मार्गशीर्षात सूर्यकांत दारात उभा राहिला, कानशिलं पिकलेला. भावाच्या तो पाया पडला नाही. "वहिनी, मी तुम्हाला न्यायला आलो. दादांचं दादा पाहतील," एवढं म्हणाला. आणि गंगूताई 'येते' म्हणाल्या... दत्तोपंतांचे कान गेल्या महिन्यापासून पार गेले होते, त्यांना ते कानाशी ओरडून सांगावं लागलं. ऐकून त्यांनी नुसती मान हलवली.

गाडी देवळाशी आली तेव्हा गंगूताई म्हणाल्या, "थांब सोनाजी, देवाला हात जोडून येते." गाडीत शेजारी बसलेला सूर्यकांत उतरला, त्यांना हात देऊन पायरीपर्यंत आला आणि तिथंच थांबला, बाटलेल्याला आत कोण घेणार, हे त्याच्या उभं राहण्यातच होतं. सभामंडपात माणिकराव बेल निवडत बसले होते. आज सूर्यकांतच्या पंधरवड्याचा पहिला दिवस, म्हणजे संकल्पाचा.

संकल्प दत्तोपंत नेहमी ओठातल्या ओठात म्हणायचे. चौदा वर्षांत तो कुणी ऐकला नव्हता. कान गेल्यानंतर या पंधरवड्याचा हा पहिलाच संकल्प होता. पण कान गेलेल्या माणसाला आपला आवाज केवढा होतो ते कळत नाही... गाभाऱ्यातून शब्द अगदी स्वच्छ बाहेर आले.

"कौशिकगोत्रोत्पन्नस्य मम कनिष्ठभ्रातुः सूर्यकांतशर्मणः प्रतिनिधिभूतोऽहं..."

गंगूताईंना संस्कृत कळत नव्हतं, पण नाव कळलं. सूर्यकांतला सगळंच कळलं. लहानपणी दादांनीच शिकवलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "दादा स्वतःच्या नावानं पूजा करत नाहीत. माझ्या भावाच्या जागी बसलोय, असं देवाला सांगून राहिलेत."

माणिकरावांचा बेल निवडणारा हात थांबला. सूर्यकांत पायरी चढला, सभामंडप ओलांडून गाभाऱ्याच्या दाराशी गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "दादा, काहून सांगितलं नाही?"

दत्तोपंत दचकून वळले. दारात भाऊ, त्याच्यामागं बायको, तिच्यामागं माणिकराव... आपलं बोलणं बाहेर गेलं हे त्यांना उमगलं, आणि चोरी पकडली गेल्यासारखी त्यांनी मान खाली घातली.

"सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस, सोडून द्या म्हणून." आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं, पण साऱ्या देवळाला ऐकू जात होतं. "अन् भाऊबंदांना कळलं असतं तर गाभाऱ्यात तुझं नाव घेऊ दिलं नसतं. त्यापेक्षा हिस्सा खाल्ला म्हणू दे."

"पण मी बोलावलं तेव्हा यायचं होतं दादा... दोघांनी," सूर्यकांत तितक्याच मोठ्यानं म्हणाला.

"माझा पंधरवडा मी एका दिवसात सोडला असता रे. तुझ्या वहिनीला समुद्र बघायचा होता, ते काय मला दिसत नव्हतं? पत्र वाचताना मी तिच्याच तोंडाकडं बघत होतो. पण तुझा कसा सोडू? तो माझा नव्हता. माणूस केवढाही लांब गेला, तरी त्याचं नाव घेणारी एक जागा मागं असावी."

सूर्यकांतनं गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं, आणि चौदा वर्षांचं राखून ठेवलेलं रडू त्याला आवरेना. दत्तोपंतांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग पाटावरून उठले. "आलास ना? मग बस. तुझं तू कर."

सूर्यकांतनं माणिकरावांकडं पाहिलं. म्हाताऱ्यानं निवडलेला बेल त्याच्यापुढं सरकवला. "बसू द्या त्याला," तो म्हणाला. "बाटलंच असंल तर इतकी वर्षं बोलून माझं तोंड बाटलं."

गंगूताई खांबाला धरून उभ्या होत्या. आपण ज्याला दगड म्हटलं, तो दगड बारा वर्षं आपलं तोंड बघत बसला होता... हे उमगून त्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. कुणी मारलं असतं तर सोसता आलं असतं. हे सोसण्याची त्यांना सवय नव्हती.

"वहिनी," सूर्यकांत पाटावर बसता बसता म्हणाला, "पंधरवडा मी करतो. मग या हिश्श्यावर उदक सोडतो, माणिककाका घेतील. तुम्ही दोघंही चला माझ्याबरोबर."

"खबरदार उदक सोडशील तर. त्यांनी चौदा वर्षं सांभाळलंय ते." गंगूताई खांब सोडून पुढं आल्या. "तुझं ऊन तिथं चांगलंच असेल रे बाळा. प्रेमाला सांग, वहिनी येणार होती, पण तिचं नवऱ्याशी बोलायचं राहून गेलंय."

त्या बाहेर आल्या. "सोनाजी, बैल सोड. ट्रंक घरी नेऊन ठेव."

दत्तोपंतांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. सभामंडपाच्या पायरीवर येऊन ते सुटलेल्या बैलांकडं पाहत राहिले. "का गं? गाडी चुकेल ना."

गंगूताई त्यांच्या शेजारी बसल्या आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "मी नाही जात."

"काय म्हणालीस?"

"मी नाही जात."

"काय?"

आता त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. ते भरून आले होते. पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं त्यांना. तरीही गंगूताईंनी पुन्हा कानाशी तोंड नेलं आणि तिसऱ्यांदा, सावकाश, तेच सांगितलं.