ओढ्यावरची शिकेकाई

हे मनानं रचलेलं नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या, हरणाबाईच्या बाबतीत घडलंय.

गेल्या वर्षीचा फाल्गुन. शिराळा तालुक्यातलं डोंगराकडचं गाव. मंगळवार, भर दुपार.

मावशी आणि शेजारची धोंडुबाई शिकेकाई तोडायला रानात गेल्या होत्या. खालच्या जाळ्या लोकांनी आधीच झोडपून नेलेल्या. धोंडुबाई म्हणाली, परत फिरू. पण ओढ्याच्या वरच्या अंगाला, एका ऐनाच्या झाडावर चढलेली वेल शेंगांनी लगडलेली मावशीला दिसली. ती एकटीच ओढा ओलांडून वर गेली.

जाळीत शिरली, तसा पाखरांचा आवाज थांबला.

मग वास आला... माठात उंदीर मरून पडावा, तसा.

शेंगा तोडताना काटे तिच्या अंबाड्यात अडकले. शिकेकाईचा काटा वाकडा. ओढाल तितका रुततो. मावशी मान वाकवून जागीच उभी राहिली.

तेवढ्यात मागून कुणीतरी केस सोडवायला लागलं.

धोंडुबाई आली, असं वाटून तिच्या जिवात जीव आला. बोटं सावकाश एकेक बट मोकळी करत होती... पण ती ओली होती. चिकट. शेंबडासारखं काहीतरी मानेवरून ओघळून पोलक्यात उतरलं.

"धोंडे, हाताला काय लागलंय गं तुज्या?"

उत्तर आलं... पण खालून, ओढ्यापलीकडून.

"हरणे, कुठं हाईस? मी हितं खाली बसलीया."

बोटं थांबली नाहीत.

मावशीनं हिसडा दिला. मूठभर केस काट्यांवर सोडून ती पळाली.

घरी तिनं तीनदा डोकं धुतलं. बुळबुळ जाईना. घास तोंडाशी नेला की तोच वास. सारखी ओकायची. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला, हरिबाकाकांना म्हणाली, माझे केस काढा. नवरा जिवंत असताना बाईनं डोकं भादरायचं? घरात रडारड झाली. पण तो वास काकांनाही सोसेना. त्यांनीच वस्तरा घेतला.

काका मिलिट्रीतून रिटायर झालेले, कशाला न भिणारे. मानेजवळ त्यांचा हात थांबला...

तिथं करंगळीपेक्षा बारीक वेणी घातलेली होती. मावशीच्या काळ्या केसांत दुसऱ्या कुणाचे तरी लांब, पिवळट केस गुंफलेले. त्यांच्या मुळाशी कातडीचा ओला तुकडा.

काकांनी ते सगळं घरामागच्या परड्यात नेऊन जाळलं.

आता मावशीचे केस पुन्हा आलेत. पण बोटभर वाढले की ती कात्री घेऊन बसते. परवा मी कारण विचारलं.

"लय मायेनं सोडवत हुतं गं," ती म्हणाली. "माजी आईबी कवा एवढ्या मायेनं विंचरत न्हवती. त्याचीच किळस येती."