न थांबणारा पाळणा

या, जरा सरकून जवळ बसा. सकाळची स्तोत्रं गाऊन झाली, देव तृप्त आहे. आता माणसांची एक गोड गोष्ट सांगते.

आमच्या ब्रनो शहराच्या चौकातलं ते जुनं दुकान – सपाट छपराचं, कोपऱ्यावर गोल वळलेल्या काचांचं. ब्लांका दर शनिवारी लोकांना शहर दाखवत तिथे आणायची. एकदा पावसात आडोशाला म्हणून हिनेक तिच्या घोळक्यात शिरला. द्राक्षमळ्यांच्या गावचा, लाजरा. तेव्हापासून दर शनिवारी हजर!

"हे दुकान अजून पाहून झालं नाही का हो तुमचं?" एका शनिवारी ब्लांकाने विचारलं.

"पाहिलं... पण नीट कळलं नाही."

"दुकान?"

"नाही – सांगणारी."

ब्लांकाचे कान लाल झाले. पण त्या दिवशी तिने सर्वांना सांगितलं, ही माझी शेवटची फेरी, सोमवारी प्रागला नोकरीवर जाते. हिनेकचा चेहराच उतरला. हातात आईने तिच्यासाठी दिलेला कोलाचांचा, म्हणजे गोड पावांचा, डबा तसाच.

त्या दुकानातली लिफ्ट थांबत नाही. बिनदाराचे पाळणे जपमाळेच्या मण्यांसारखे एकीकडून वर जातात, दुसरीकडून खाली येतात. चढायचं, उतरायचं ते पाळणा चालू असतानाच. घोळका आधीच्या पाळण्यांतून वर गेला, मग ही दोघं एका पाळण्यात चढली.

"ब्लांका, मला तुम्हाला –"

तेवढ्यात मजला आला. ती उतरली, हा आतच!

"उडी मारा!"

"डबा आहे हो!"

आधी डोकं गेलं, मग डबा, शेवटी बूट. वरून आवाज आला, "पवित्र माते, आता उलटा होतो!"

पलीकडून बूट उतरले. सरळच.

"मला म्हणायचं होतं, तुम्ही प्रागला –" गेला खाली.

"प्रागला काय?" ब्लांका ओणवी होऊन ओरडली.

खालून फिरून तो पुन्हा वर आला. "जाऊ नका! म्हणजे जा... पण मी –" पुन्हा डोकं गायब.

"आटप रे बाबा!" घोळक्यातली एक आजी कळवळली.

त्या मजल्याच्या दारावर राखणीला बसणाऱ्या अपोलेनाबाईंनी शांतपणे लिफ्टचं लाल बटण दाबलं. खडखडून सगळं थांबलं. छताखाली दिसत होते फक्त चिखलाचे बूट.

"मला तुम्ही आवडता," बूट म्हणाले. "फार."

ब्लांकाने टाचा उंचावून एका बुटाची सुटलेली नाडी हळूच बांधली. "प्रागला तर मी जाणार. पण शनिवारी येईन. आता तू फिरव मला... तुझ्या मळ्यातून. आणि हिनेक –"

"काय?"

"पायी."

व्यवस्थापक धावत आला. "ते बटण जिवावर बेतलं तरच दाबायचं!"

"बेतलंच होतं की!" अपोलेनाबाई म्हणाल्या.

ब्लांका-हिनेकच्या लग्नात सर्वांत मोठ्याने अपोलेनाबाईच गायल्या. गेल्या हिवाळ्यात देवाघरी गेल्या. आज रात्री प्रार्थनेला बसाल ना, तेव्हा त्यांची आठवण काढा. म्हणा, देवा, अपोलेनाबाईंना तुझ्या दाराशीच बसव. कुणाचं बोलणं अर्धं राहिलं, तर बटण दाबायला.