थंड इंजिनाला ताप!

"मयूर, पळ रे! दुपारी ट्रक येणार आहे. मग बघायलाही मिळायचं नाही!"

पूर्वीने ओरडून सांगितलं आणि कॉटन ग्रीनची बस सुटता सुटता तिघं आत चढली. सर्वांत शेवटी, वडापावचा घास गिळत, स्वरूप.

पूर्वीची इरावतीमावशी कॉटन ग्रीनच्या एका जुन्या गोदामात विमानदुरुस्ती शिकवायची. गोदामाच्या अंगणात साखळ्यांनी बांधलेलं दोन माणसांचं एक विमान होतं. त्या म्हाताऱ्या विमानाचं उडणं केव्हाच थांबलं होतं, पण इंजिन अजून चालायचं आणि त्यावरच मावशीच्या विद्यार्थ्यांचा हात बसायचा. आता तेच इंजिन भंगारात जाणार होतं! दसऱ्यापासून चाचणीसाठी सुरू केलं की तापमानाचा काटा सरळ लाल पट्ट्यात घुसायचा. वर्कशॉपचे प्रमुख हेरंबसर म्हणाले होते, "इंजिन संपलं. उगाच जीव लावू नका."

पण मावशीने जीव लावला होता. मुलं पोचली तेव्हा ती एकटीच विमानात बसली होती, आणि तिचे डोळे लाल होते.

"मावशी, काटाच खोटं बोलत असेल तर?" स्वरूपने विचारलं.

"काटा नवा बसवला रे. सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवून मीटरवर तपासला. दोन्ही ठीक. मग सर म्हणतात, दोष इंजिनाचाच."

"मग शेवटचा एक फोटो तरी! पुढचा मोठा दिवा लाव ना. हिरो दिसला पाहिजे आपला!" स्वरूपने मोबाइल काढला.

मावशी कशीबशी हसली आणि तिने बटण दाबलं. मयूर तिच्या शेजारी चढून बसला होता. तो एकदम ओरडला, "अरे! काटा उडाला!"

"कुठला काटा?"

"तापमानाचा! मावशी, दिवा बंद कर बघू."

दिवा विझला आणि काटा खाली आला. पुन्हा लावला, तर काटा टुणकन वर!

"पण इंजिन चालूच कुठाय?" पूर्वीने पुढे जाऊन त्यावर तळवा ठेवला. "गार आहे, माठासारखं!"

"थंड इंजिनाला ताप!" स्वरूपने जाहीर केलं. "डॉक्टर बोलवा!"

मयूरला हसू आलं नाही. त्याला फणसवाडीतलं देऊळ आठवत होतं. त्याचे आजोबा, विठोबाबुवा, तिथे कीर्तन करायचे आणि माइकची व्यवस्था मयूरकडे असायची. गेल्या एकादशीला पूर्वरंग असा रंगला होता की बायाबापड्या डोळे पुसत होत्या. तेवढ्यात कुणीतरी हॅलोजन लावला आणि स्पीकर जो घुरघुरू लागला, तो थांबेचना! बुवांचा आवाज चांगला, माइक चांगला, स्पीकरही चांगला. दोष निघाला भलतीकडेच.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "आमच्या देवळात असंच झालं होतं. दिवा लावला की स्पीकर बिघडायचा. अर्थची, म्हणजे वीज जमिनीत सोडणारी, तार ढिली होती. इथे अर्थ कुठे असतो?"

मावशी त्याच्याकडे वळली. "विमानाचा धातूचा सांगाडा हाच त्याचा अर्थ. सगळ्या उपकरणांची वीज त्यातूनच परत जाते... थांबा!"

तिने बॅटरी सोडवली आणि काट्यांच्या पाटीचे स्क्रू काढले. पूर्वीने टॉर्च धरला. आत सगळं चंदेरी चकचकत होतं!

"इथे आत रंग कोणी दिला?"

"खंडेनवमीला!" मावशीने कपाळावर हात मारला. "पूजेआधी सर दरवर्षी बाहेरून रंग देतात. यंदा म्हणाले, यंत्रदेवतेला आतूनबाहेरून नवं वस्त्र हवं. रंगावरच अर्थच्या तारेचा बोल्ट पिळलाय बघा! रंगातून वीज जायची कशी? दिवा लागला की त्याचीही वीज याच अडलेल्या वाटेने परतते आणि काटा भरकटतो. आणि चाचणी आम्ही सगळे दिवे लावूनच घेतो!"

तिने काचपेपरने बोल्टाखालचा रंग घासला, धातू उघडा केला आणि तार घट्ट आवळली. तेवढ्यात मागून आवाज गरजला.

"पाटी कोणी उघडली? आणि ही पोरं इथे कशी?"

हेरंबसर! स्वरूप पूर्वीच्या मागे लपला.

मावशीने शांतपणे बॅटरी जोडली. "सर, तो दिवा लावा आणि काट्याकडे बघा."

सरांनी बटण दाबलं. काटा जागचा हलला नाही. मावशीने सगळं सांगितलं. सरांनी मुलांना दोरीपलीकडे लांब उभं केलं आणि स्वतः इंजिन सुरू केलं. सगळे दिवे लागले. पंखा फिरला, गोदामाचे पत्रे थरथरले. मयूरने हात जोडले. काटा सावकाश चढत हिरव्या पट्ट्यात आला आणि तिथेच थांबला!

जेवायला गेलेले विद्यार्थी आवाज ऐकून धावत आले. कुणी शिट्टी मारली, कुणी मावशीला मिठी! इंजिन तिच्या एका विद्यार्थ्याच्या हाती सोपवून सर खाली उतरले.

"भक्तीने रंग दिला हो मी," ते म्हणाले, "आणि त्यानेच इंजिनाचा जीव घेत होतो."

"भाव खराच होता, सर," मावशी म्हणाली. "फक्त बोल्टाखाली नको होता!"

सरसुद्धा हसले. त्यांनी मयूरच्या डोक्यावर हात ठेवला. "आम्ही काटा बदलला, सेन्सर तपासला, पण इंजिन थंड असताना काट्याकडे बघितलंच नाही. तुम्ही तिघांनी बघितलं. शाबास रे! शाबास गं पूर्वी!"

फाटकात हॉर्न वाजला. ट्रकवाला खाली उतरून ओरडला, "साहेब, भंगारातलं इंजिन कुठाय? उचलायला आलोय!"

हेरंबसरांनी गरजणाऱ्या इंजिनाकडे बोट दाखवलं.

"ते काय! जा, उचलून दाखव!"