अजून दोन मिनिटं

ड्रमगारा गावाचा गोलकीपर मॅलकी गिलहीनी हा एका पॉइंटने पुढे होता आणि भयंकर वैतागला होता. आयरिश फुटबॉलची साठ मिनिटं कधीच भरली होती. आज हरलो, तर क्लब पलीकडच्या किलब्रोनमध्ये विलीन आणि हिरवी जर्सी कायमची पेटीत. किलब्रोनमध्ये! जिथली माणसं कपात चहाच्या आधी दूध ओततात.

रेफरी फर्गसने जादा वेळेची दोन बोटं दाखवली होती. इथे वेळ फक्त रेफरीच्या मनगटावर. तो शिट्टी मारेल तेव्हा सामना संपणार. बाकी अख्ख्या परगण्याची घड्याळं गेली चुलीत.

मॅलकीने वेळकाढूपणा करून पाहिला. बुटाची नाडी सोडली, बांधली. चेंडू पुसला, पुन्हा पुसला.

"लग्नाला निघालायस का रे?" किलब्रोनचा फॉरवर्ड ओरडला. सामन्याआधी हा गुळगुळीत दाढी करून आला होता. आता त्याच्या गालावर चांगले खुंट उगवले होते.

मॅलकीची आत्या ब्रीजी मघाशी "बटाटे चढवून येते" म्हणून गेली होती. ती दात कोरत परत आली आणि कुंपणाला टेकली.

"जेवलीस?" मॅलकीने गोलातूनच विचारलं.

"जेवले, भांडी घासली, डुलकीही काढली. स्कोअर काय?"

"तोच."

उजेडही तोच होता. डोंगरामागे निघालेला सूर्य, काहीतरी विसरल्यासारखा, अर्ध्यात थबकला होता.

"फर्गस, किती राहिलं?"

"दोन मिनिटं."

"मघाशीही दोनच होती!"

"मग? वाढवली का मी?"

मॅलकीने दात-ओठ खाल्ले. गोलखांबांशी पांढऱ्या कोटात उभे राहणारे अंपायर रेफरी घरूनच आणतो. फर्गसचा भाऊ आणि थोरला जावई पलीकडच्या गोलाला होते. इकडे डाव्या खांबाशी मेहुणा सँडविच खात होता. धाकट्या जावयाची गाडी रस्त्यात बंद पडली होती, म्हणजे उजवा खांब रिकामा हवा होता.

तिथे पांढऱ्या कोटातला एक म्हातारा उभा होता.

"काका, तुम्ही फर्गसचे कोण?"

"कोणी नाही. गोलकीपर मी. याच गोलाचा."

"कधी? जिंकलात का?"

म्हातारा जरा विचारात पडला. "एका पॉइंटने पुढे आहे."

मॅलकीला हसू येईना.

"शेवटचा चेंडू सोडायला हवा होता, पोरा," म्हातारा म्हणाला. "पण हात ऐकत नाहीत."

तेवढ्यात फॉरवर्डने लाथ मारली.

चेंडू उंच गेला, वर दमला आणि सरळ मॅलकीच्या कपाळावर उतरू लागला.

सोडला तर गोल. गोलाचे तीन पॉइंट त्यांना. शिट्टी, घर, गरम बटाटे.

आणि किलब्रोनची जर्सी.

मॅलकीने हात पाठीमागे बांधले. घट्ट.

हातांनी ऐकलं नाही.

चेंडू छातीशी धरून तो उभा राहिला, तेव्हा कुंपणावर एकच जल्लोष झाला. "माझ्या भावाचा पोरगा!" ब्रीजी आत्या किंचाळत होती.

फर्गसने घड्याळ पाहिलं. दोन बोटं वर केली.

म्हाताऱ्याने सावकाश कोट काढला. आत विटलेली हिरवी जर्सी होती, पाठीवर गोलकीपरचा १ नंबर. त्याने कोट मॅलकीच्या खांद्यांवर घातला, कॉलर नीट केली.

"असू दे," तो फाटकाकडे निघताना म्हणाला. "नंतर नंतर गारठा लागतो."