तिच्या हेडफोनपुरतं

औषधांच्या दुकानात तो तिच्या पुढे उभा होता, टोपी भुवयांपर्यंत ओढून.

"झोपेच्या, की नैराश्याच्या?" काउंटरवरच्या काकांनी अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं.

"काका, बाहेर पाटीच लावता का?"

सगळे हसले. ती सोडून.

"इथे हसायचं होतं," तो वळून म्हणाला.

"इथे झापायचं होतं," ती म्हणाली, आणि काकांना तिने खरोखरच झापलं.

संध्याकाळी नाट्यगृहात, त्याच्या एकपात्री विनोदी प्रयोगाआधी, त्याच्या कॉलरला माइक लावायला आली ती... तीच!

"आता तरी हसाल?"

"मान वर. हसले की माझा हात हलतो."

पुढे प्रत्येक प्रयोगाला तो मुकाट मान वर करायचा. तिची गार बोटं कॉलरपाशी जरा जास्तच रेंगाळायची.

प्रयोगाआधी आवाज तपासायला ती त्याचा माइक फक्त आपल्या हेडफोनपुरता उघडायची. एकदा त्यात त्याच्या मॅनेजरचा आवाज आला.

"गोळ्या सुरू केल्यास आणि धार गेली तुझी. दुःख हेच तुझं भांडवल, राजा. बंद कर त्या."

"केल्यात... परवापासून."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. हेडफोन भिरकावून ती तडक विंगेत पोचली.

"गवयाला दमा झाला तर त्याचं औषध काढून घ्याल? तान छान येते म्हणून?"

"ताई, तू आवाजाचं बघ."

"तेच बघतेय! बरा नव्हता तेव्हा एकच वाक्य तीन-तीनदा म्हणायचा हा. लिफ्टचा किस्सा सुचला तो गोळ्या सुरू झाल्यावर. लोक खुर्चीतून घसरले हसून. तुम्ही तेव्हा बाहेर फोनवर होतात. याचं रडणं विकायला बसलात, लाज नाही वाटत?"

मॅनेजर पुटपुटत निघून गेला.

"आणि उद्या विनोद पडला तर?" त्याने हळूच विचारलं.

"पडू दे! विनोद पडला तर दुसरा सुचेल. तुला काही झालं तर मी—"

"तुला? कालपर्यंत 'तुम्हाला' होतं..."

"आधी डॉक्टरांना फोन. आत्ता. मग बोल माझ्याशी."

त्याने फोन लावला. पहिली घंटा झाली. ती धावत आपल्या जागी परतली, हेडफोन पुन्हा चढवला. प्रेक्षागृहात अंधार झाला. हेडफोनमध्ये त्याचा श्वास, मग पाण्याचा घोट.

"ऐकलंस? गोळी गेली पोटात. डॉक्टर म्हणाले, आजपासून पुन्हा सुरू. रागावले... पण तुझ्याइतके नाही."

ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आणि हात हलला. माइकची कळ सरकली ती थेट वर.

"आणि ऐक ना... तू मला फार आवडतेस," सगळ्या प्रेक्षागृहात घुमलं.

हशा उसळला, टाळ्या पडल्या. तो कानापर्यंत लाल होऊन रंगमंचावर आला आणि लोकांकडे रोखून पाहत म्हणाला,

"इथे हसायचं नव्हतं."